पेटीवरचा पासवर्ड

“बाबा, तुमच्या ईमेलचा पासवर्ड काय हो?”

हे सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, नीरजा आणि सानवीने, लावली होती. मी पावसच्या आमच्या बागेत, आंबे भरणाऱ्या गड्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं!

“दशभुजा. त्यात लपवायचं काय गो?” बाबा हसले.

हेदवीच्या आमच्या गणपतीचं नाव. तेच आमच्या हापूसच्या प्रत्येक पेटीवर लाल रंगात छापलेलं, आणि त्याखाली ईमेलचा पत्ता!

“अहो बाबा, कुलपाखालीच किल्ली टांगलीत की!”

“आंब्याच्या पेटीवरून कोण पत्रं वाचायला येतंय?”

तेवढ्यात आमचे आंबे घेऊन गेलेल्या सदू ड्रायव्हरचा बाबांना फोन आला. “माल पनवेलच्या गोदामात उतरवला, अण्णा.”

“पनवेलला? अरे, वाशीला न्यायचा होता ना!”

“तुम्हीच ट्रान्सपोर्टला ईमेल केलात ना, पत्ता बदलला म्हणून?”

बाबांनी काहीच पाठवलं नव्हतं. सदू मागे फिरला, तर गोदामाला टाळं. मोसमातल्या आमच्या पहिल्या गाडीचा सगळा माल चोरीला गेला!

आम्ही सायबर कॅफेत धावलो. ईमेल आमच्याच खात्यातून गेला होता, खाली बाबांचं नाव. आमच्या घरात चोर शिरून, बाबांच्या खुर्चीत बसून पत्र लिहून गेल्यासारखं वाटलं.

घरी परतल्यावर बाबा ओटीवर बसले. आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मी दोघांसमोर उभी राहिले. “आजपासून पासवर्ड मी ठेवणार. तो देवाचा नसेल, आणि तुम्हा दोघांनाही सांगणार नाही. शिवाय पत्ता बदलल्याचा ईमेल आला, तरी घरी फोन केल्याशिवाय माल उतरवायचा नाही, हे ट्रान्सपोर्टवाल्यांना मीच सांगणार!”