आज रंग कोणता?

हौशीराम रेल्वेच्या इंजिन-शेडातून घरी आला की उंबऱ्यातूनच विचारी, "आज रंग कोणता?"

रंग त्याच्या बहिणीच्या लघवीचा. शालूला सतराव्या वर्षी मधुमेह झाला. उतारवयात होतो तसला नव्हे. महिनाभरात अंगावरचं मांस उतरवणारा आणि माणूस आडवा करणारा. पुण्याच्या इस्पितळात इन्शुलिन टोचलं म्हणून ती वाचली. त्याला सात वर्षं झाली होती. आता १९३८ चा श्रावण चालू होता. शालू लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत भाऊ आणि वहिनीजवळ राहत होती. लग्नाचं कुणी बोलत नव्हतं.

दिवसातून दोनदा सुई, आणि सुईआधी परीक्षा. सरुबाई, म्हणजे हौशीरामची बायको, काचेच्या नळीत डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध घेई, त्यात शालूच्या लघवीचे थेंब टाकी आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरी. औषध उकळूनही निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटेसारखं तांबडं झालं तर खूप. शालूची नळी बहुतेक वेळा तांबडी व्हायची.

तांबडी झाली की प्रश्न सुरू. काय खाल्लं? भात किती घेतला? शेजारी कुणी काही दिलं का? कधी खाल्लेलं असे, पण बहुधा नसे. मोजून भात खाऊन, वेळेवर सुई घेऊन, निमूट झोपूनही सकाळी नळी तांबडी. का, ते डॉक्टरांनाही नेहमी सांगता येत नसे. शालूनं पुढे खरं सांगणं सोडून दिलं. काही न खाता "खाल्लं थोडं" म्हटलं की प्रश्न लवकर संपतात, हे तिला कळलं होतं.

चाळीलाही रंग ठाऊक झाले होते. नळावर कस्तुराबाई घागर लावता लावता विचारी, "काय गं शालू, आज कंचा?"

"तांबडा."

"लयच तांबडा आवडतो बाई तुला. एखाद दिशी निळा तरी नेस की!"

बायका हसत. शालूही हसे. तिला कस्तुराबाईचा राग येत नसे. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. हंडा कमरेवर घेऊन दारापर्यंत आलं की तिचे पाय भरून येत, आणि हंडा टेकवल्यावर पहिले दोन तांबे ती स्वतःच पिऊन टाकी.

एका सकाळी तिनं परीक्षेच्या वाटीत नुसतं पाणी दिलं.

ठरवून केलं असं नव्हतं. मोरीत उभी होती, हातात वाटी होती, शेजारी बादली भरलेली होती. शिवाय इतकी तहान आणि इतकं पाणी, त्यामुळे तिची लघवी तशीही पाण्यासारखीच असायची. सरुबाईनं थेंब टाकले, नळी उकळली, आणि ती निळीच राहिली. सरुबाईनं ती उजेडाला धरून दोनदा पाहिली.

"अवो, निळं!" ती ओरडली. "वन्सं, निळं हाय!"

त्या दिवशी शालूला कुणी काही विचारलं नाही. दुखणं लागल्यापासूनचा तो पहिला मोकळा दिवस. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पाणी दिलं.

हौशीराम आठवडाभर वेगळाच माणूस झाला. शेडात सांगून आला, कार्ल्याला जाऊन एकवीरेपुढे नारळ फोडून आला. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जिंकलीस बघ." आता खरं सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावरचं ते हसू पुसायचं. शालूनं ते उद्यावर टाकलं, आणि मग परवावर.

डॉक्टरांनी सतत निळी नळी ऐकून इन्शुलिन कमी केलं. साखर नसताना जास्त टोचलं तर माणूस बेशुद्ध पडतो, हे त्यांचं बरोबरच होतं. पण शालूच्या अंगात साखर होतीच, आणि आता तिला आवरणारं औषध आणखी उणं झालं. तिचं तोंड कोरडं पडू लागलं. ओठ फुटले. समोरच्या डोंगराची कड दोन दोन दिसायला लागली. लुगड्याच्या निऱ्या खोचताना कंबर हाताला लहान लागली.

"निळं निळं म्हणतोय आन् तुमी वाळत चाललाय," सरुबाई म्हणाली. ती दवाखान्यातून औषध घेऊन आली होती. "डागदरानं इचारलं, लघवी दिसती कशी? मी म्हणलं, पाण्यावानी. तर ते म्हणलं, असं कसं? साखर गेली की पिवळी व्हायला हवी. लक्ष ठेवा म्हणलं."

म्हणून दुसऱ्या दिवशी शालूनं वाटीतल्या पाण्यात चिमटीच्या टोकावर मावेल एवढी हळद घातली. ढवळून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी दुसऱ्या वाटीत ओतलं. रंग अगदी हवा तसा आला.

सरुबाईनं निळ्या औषधात थेंब टाकले. दिवा अजून पेटवायचा होता. काडी ओढायच्या आधीच नळीतलं निळं औषध गढूळ तांबूस झालं.

दोघी नळीकडे बघत राहिल्या. उकळल्याशिवाय रंग कधीच बदलत नसे.

सरुबाईनं काडी खाली ठेवली. तिनं वाटी उचलून नाकाशी नेली. हळदीचा हात लागलेलं लुगडं सोड्याच्या पाण्यात टाकलं की डाग लाल होतो, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं; शालूनंही पाहिलं होतं. निळ्या औषधात सोडा असतो, एवढंच दोघींना ठाऊक नव्हतं. आता कळलं.

"हळद," सरुबाई म्हणाली. तिला हसूच फुटलं. "अगं, खोटं केलंस तरी तांबडंच?"

शालूही हसली, पण ते हसणं मध्येच तुटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"कधीपास्नं?"

"पहिल्या निळ्यापास्नं."

सरुबाईचं हसू गेलं. वन्संना अहोजाहो करायचं ती विसरली होती. "डोस कमी केलाय तुजा! मरायचं होतं व्हय?"

"न्हाई."

"मग काय?"

"कुणी इचारू नये, एवढंच." शालूचा आवाज चढला नाही. "वैनी, मी सगळं करते गं. मोजून खाते. तरी तांबडं येतं. मग तू ताटाकडं बघतीस, दादा तोंड पाडतो, नळावर समद्यास्नी कळतं. रोज दोनदा. मला आता रंग बघवत न्हाई."

"आन् मला बघवतो?" सरुबाई म्हणाली. "नळी उकळायची मी, सुई उकळायची मी, टोचायची मी. तांबडं आलं की तुज्या दादाला वाटतं माझ्याच हातनं भात जास्त पडला. मला कटाळा येत न्हाई व्हय?"

वहिनीही थकत असेल हे शालूच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सरुबाईनं खरी लघवी मागून घेतली. नळी उकळल्यावर दाट विटकरी गाळ खाली बसला. तिनं नळी पदराआड धरली.

"तुमी बघू नका," ती म्हणाली. "इथनं पुढं मी बघंन. डागदराला मी सांगंन. तुमी फकस्त सुईला दंड द्या. काय आलं ते मी सांगायची न्हाई, तुमी इचारायचं न्हाई. पर वाटीत खरं द्यायचं. हाय कबूल?"

"आन् दादा?"

"त्यास्नी सांगावंच लागंल."

तशीच छत्री घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टर स्वतः आले, साखर फार चढली की येतो तो गोडसर वास शालूच्या श्वासाला आहे का ते हुंगून पाहिलं, इन्शुलिन वाढवलं आणि दोन दिवस तिला अंथरुणातून उठू दिलं नाही. रागावले मात्र नाहीत.

संध्याकाळी हौशीरामला सरुबाईनं चाळीच्या टोकालाच गाठलं. घराच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे शालूला बोलणं ऐकू आलं नाही. दोघं बराच वेळ तिथेच उभी असावीत, कारण आत आला तेव्हा त्याचा सदरा निथळत होता.

तो तिच्या अंथरुणाशी येऊन बसला. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला आणि त्यानं तो आवरला. त्याऐवजी काय म्हणावं ते त्याला सुचेना. सात वर्षं बहिणीशी बोलणं त्या एका प्रश्नानं सुरू झालं होतं. त्यानं खिशातून चिंधी काढली, हातावरचं काळं तेल पुसलं, पुन्हा पुसलं.

"आज शेडात पाणी शिरलं," तो शेवटी म्हणाला.

शालूनं डोळे उघडले. "कुठवर?"

"घोट्यापतुर. साहेब टेबलावर चढून बसला हुता."

"मग?"

मग तो सांगत राहिला. ती ऐकता ऐकता मध्येच झोपली. तिची झोप लागली हे कळूनही त्यानं थोडा वेळ तसंच, हळू आवाजात, पुढचं सांगितलं.