तळवा दिसला नाही तर थांबावे

जे द्रव्य जीव जगवते, तेच प्रमाण सुटताच जीव घेते. अशा वेळी दोष द्रव्याचा मानावा, की ते देणाऱ्या हाताचा? आणि देणाऱ्याच्या मनात निखळ माया असेल, तर न्याय कोणी करावा? या प्रश्नाच्या ऐन मध्यावर मी एकदा सापडलो होतो. म्हणून हे निवेदन.

मित्रांनो, मी एक जुना फॉस्फेटचा कण आहे. शेतीच्या पुस्तकांत आमच्या कुळाला ‘स्फुरद’ म्हणतात. ‘स्फुर्’ म्हणजे स्पंदन पावणे, झळकणे. ते स्पंदन देणारा तो स्फुरद. नाव मोठे सुंदर आहे, पण ते निभावणे सोपे नाही.

कोट्यवधी वर्षे मी खडकात निजलो होतो. मग सुरुंग लागला, खडक दळला गेला, आम्लाने माझी बंधने सैल केली. करड्या दाण्यांच्या पोत्यातून मी एका वृद्ध मत्स्यपालकाच्या तळ्याकाठी, जाळी आणि बादल्या ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडलो.

हे गृहस्थ आपल्या माशांना ‘मंडळी’ म्हणत. खत देण्याचा त्यांचा नियम वडिलांकडून आलेला होता. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवावा. तळवा दिसला, तर पाणी उपाशी आहे, खत द्यावे. तळवा दिसला नाही, तर थांबावे. नियम निर्दोष होता.

त्यांच्या डावातून, म्हणजे लांब दांड्याच्या मोठ्या पळीतून, मी पाण्यात पडलो, विरघळलो, आणि एका हिरव्या शैवालाच्या पेशीने मला आत घेतले. तेथे एटीपी नावाच्या रेणूत, तीन भावंडांच्या साखळीत, मला शेवटचे स्थान मिळाले. शेवटच्याने हात सोडला की शक्ती मोकळी होते आणि पेशी आपले काम उरकते. त्याने पुन्हा हात धरला की शक्ती साठते. दिवसातून किती वेळा मी हात सोडला आणि धरला, त्याची गणती नाही. माझे काही भाऊबंद डीएनएच्या शिडीचे कठडे झाले, काहींनी माशांच्या हाडांत कॅल्शियमशी संसार मांडला. पाणी पोपटी झाले, मासे पुष्ट झाले. “पोत्यात जादू आहे जादू!” असे गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मी सुखावत असे.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. तळ्याभोवती फिरणे सुटले. ते केवळ पहिल्या पायरीवर बसून हात बुडवू लागले, आणि नेमके त्याच पायरीशी पाइपातून ताजे पाणी पडत होते. तेथे पाणी सदैव नितळ. तळवा रोज लख्ख दिसे, आणि रोज डाव भरून खत पडे.

मित्रांनो, आमच्या कुळाला हवेत उडून जाता येत नाही. जे पाण्यात पडले, ते तळ्यातच साचले. शैवाल इतके माजले की खालच्यांना ऊन मिळेना. ती मरू लागली, कुजू लागली. त्यात तीन दिवस आभाळ झाकोळलेले राहिले. प्रकाश नसला की शैवाल प्राणवायू देत नाही, उलट स्वतःच तो घेते. माझी पेशी धापा टाकत होती, आणि कारण मीच होतो.

चौथ्या दिवशी उजाडताच सगळे मासे वर आले. शेकडो तोंडे पाण्याबाहेर, आ वासलेली.

“अरेरे, मंडळींना भूक लागली की!” असे म्हणत गृहस्थांनी डाव पोत्यात खुपसला.

त्यांची सून शिवणकाम करी. ती गळ्यात टेप तशीच ठेवून त्यांना न्याहारीला बोलवायला आली होती. तिने पाण्याकडे पाहिले आणि ती जागीच थबकली.

“मामंजी, थांबा! भूक असती तर कालचं खाद्य काठाला का तरंगतंय?”

“सूनबाई, तू तुझं कापड बेत. चाळीस वर्षं हा हात पाण्यात बुडतोय.”

“हात चाळीस वर्षांचा, पण जागा एकच ना! नुसत्या मनगटाचं माप घेऊन सदरा शिवला, तर तुमचं पोट त्यात मावेल का?”

“पोटाचं नाव काढू नकोस!”

ती पलीकडच्या काठाला धावली, वाकली, पाण्यात हात घातला.

“तळवा गेला, मामंजी! मनगट अजून कोरडंय!”

डाव पाण्यावर कलला होता. माझे भाऊबंद त्याच्या कडेवर येऊन ठेपले होते. तेवढ्यात गृहस्थांच्या पायाशी एक मोठी मासोळी आडवी झाली, तिचे पांढरे पोट वर आले. मग सावकाश, एकही दाणा न सांडता, त्यांनी डाव पोत्यात परत ठेवला.

“पाइप पूर्ण सोड! फळी आण, फळी!”

पाइपाखाली त्यांनी फळी तिरकी धरली. पाणी तिच्यावर फुटून, हवा घेऊन तळ्यात पडू लागले. सून बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिली. हात भरून आले, तरी दोघांपैकी कोणी थांबले नाही. दुपारच्या सुमारास ढग विरळ झाले, आणि एकेक तोंड खाली गेले. अकरा मासे गेले, बाकीचे वाचले.

गृहस्थ पायरीवर बसले. “मी त्यांना मायेनंच मारत होतो गं.”

“माया खोटी नव्हती, मामंजी. माप चुकलं. उसवू आणि परत शिवू.”

पोत्याचे तोंड बांधले गेले ते कित्येक महिने सुटले नाही. माझी पेशी मरून तळाच्या गाळात पडली होती. उन्हाळ्यात तो गाळ उपसून भाजीच्या वाफ्यांत पसरला गेला, आणि आज मी एका घेवड्याच्या मुळाशी पुन्हा कामाला लागलो आहे. आता तळ्याच्या चारही बाजूंनी हात बुडतो. गुडघे दुखतात, म्हणून सून त्यांचा दुसरा हात धरते.

मित्रांनो, आम्हाला टाकू नका आणि आमचा लोभही धरू नका. देण्याआधी एकदा पलीकडच्या काठाला जाऊन पाहा.

त्या वृद्ध हाताचे कल्याण असो. त्याला धरणाऱ्या हाताचे कल्याण असो. त्या पाण्यातल्या मंडळींना प्रत्येक पहाटे पुरेसा श्वास लाभो.