जुनं माप

एकवीस वर्षं दर रविवारी आजाऱ्यांसाठीची प्रार्थना मीच करतो. धंद्याने शिंपी, पण आमच्या चर्चमध्ये कुणालाही विचारा, प्रार्थनेत माझा हात धरणारा दुसरा नाही, असंच सांगतील. मीही तेच समजत होतो. डोळे मिटले की तोंड आपोआप चालू व्हायचं आणि मी आत निवांत सोमवारची कामं लावत बसायचो.

त्या रविवारी एका कोटाच्या अस्तराचा विचार चालला होता. तोंड म्हणत होतं, "प्रभू, मास्तरांच्या पत्नीला अंथरुणावरून उठव, तिला पुन्हा आमच्यात आणून बसव." सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."

बाईंना जाऊन चार आठवडे झाले होते. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मीही होतो. डोळे उघडले तर तिसऱ्या बाकावरून मास्तर माझ्याकडे बघत होते. आमेन न म्हणालेला तो एकटाच माणूस.

"तोंड तिथे होतं, तुम्ही कुठे होतात?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"चूक कुणाचीही होते. तुम्ही सगळ्यांनीसुद्धा आमेन म्हटलंतच की!"

"म्हटलं ना. म्हणून तर घास उतरत नाहीये," ती म्हणाली.

माझाही उतरेना. धाकटी लेक लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलाखाली गुडघे टेकून मी काहीबाही बडबडलो होतो. त्याला ना शेंडा ना बुडखा. पण ऐकणारा इतका जवळ होता की मान वर करायची भीती वाटली. ती पोर आता स्वतः आई झाली आहे. तो ऐकणारा कुठे गेला? गेला नसेल. मीच इतकी वर्षं त्याला पाठ केलेलं ऐकवून लांब ठेवलं असेल. सोमवारी दुकान उघडल्यावर पुन्हा त्याच टेबलाखाली गुडघे टेकले, तर तीच घोटलेली वाक्यं एकामागून एक बाहेर पडली. शेवटी उठून इस्त्री तापत ठेवली. मला तो परत हवा होता, रडणाऱ्या पोराला आई हवी असते तसा हवा होता, आणि हाक मारायला माझ्याकडे एकही ताजा शब्द नव्हता.

मंगळवारी मास्तर दुकानात आले, हातात शर्टाचं कापड. घाईघाईने मापांची वही काढली. जुन्या गिऱ्हाइकाला मी टेप लावत नाही, याचाही मला कोण तोरा!

"छाती चाळीस," मी वाचून दाखवलं.

"ते तिच्या हातचं जेवणाऱ्याचं माप," मास्तर म्हणाले. "आता नवीन घे."

टेप लावला. छत्तीस. पाठीची हाडं बोटांना लागली. बाईंच्या आजारपणापासून मी या माणसाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"मास्तर, मला माफ करा," एवढंच कसंबसं बोललो.

"राग आला होता. फार आला होता. मग वाटलं, निदान कोणीतरी तिला परत मागितलं. मला तर तेही मागायची चोरी."

मी वही मिटली. "तुमच्यासाठी काय मागू?"

एकवीस वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

मास्तरांनी कापडाची घडी सारखी केली. "दुपारी चहा करतो तेव्हा अजून दोन कप काढले जातात. दुसरा कप परत कपाटात ठेववत नाही. बघ, याच्यासाठी काही मागता येतं का."

टेप गळ्यात तसाच ठेवून मी डोळे मिटले. "प्रभू, मास्तर दोन कप काढतात..."

पुढे काही येईना. अस्तर आठवलं नाही, पाठ असलेली एक ओळसुद्धा आठवली नाही. कोणीतरी अगदी जवळ उभं राहून ऐकत होतं, आणि मान वर करायची माझी हिंमत होईना. आमेनही म्हणवेना.

ते मास्तरांनी म्हटलं.