रिकाम्या बरणीवर अडून बसलेली भिकुबाई

बोरडोहच्या भिकुबाईने गिरणेच्या अलीकडच्या काठावरून सुनेला हाक मारली की पलीकडच्या काठावरची म्हैस दूध आटवायची. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी बोरडोहला जाऊन विचारावं. ती म्हैस आता नाही, पण तिच्या नाती आहेत, आणि त्या अजूनही नदीकडे तोंड करून धार देत नाहीत.

अशा बाईच्या नवऱ्याला फौजदाराने खुनाच्या आरोपाखाली नेलं. शेजारपाजारच्यांनी कानात बोटं घालून घेतली. भिकुबाई मात्र रडलीही नाही आणि ओरडलीही नाही. तिने वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि भडगावच्या बाजाराला गेली, कारण तो बाजाराचा दिवस होता आणि वांगी कुणाच्या अटकेसाठी थांबत नाहीत.

झालं होतं ते असं. तिचा नवरा अभिमन भरीत करायचा. घरचं भरीत कुणीही करतं. अभिमन शेतातल्या पंगतीचं करायचा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्या नि लसूण घालून ती कुटायची, वरून कांद्याची पात. त्याच्या बडगीचा ठोका ऐकून आजारी माणसं खाटेवरून उठून वाटेला लागायची. मार्गशीर्षात मोतीलाल पाटलाच्या मळ्यात अशीच पंगत झाली. पाटलाला तिखट जास्त लागायचं, म्हणून त्याचं भरीत अभिमनने धाकट्या बडगीत वेगळं कुटलं. पाटील इतकं जेवला की वाढणाऱ्यांनी पाळ्या लावल्या. हात धुवायला म्हणून उठला, छातीवर हात ठेवून खाली बसला, आणि पुन्हा काही उठला नाही.

पाटलाच्या भावाने संशय घेतला. शव बोरडोहच्या दवाखान्यात फाडलं. पोटातलं जे काढायचं ते काढून मिठाच्या पाण्याने भरलेल्या बरणीत घातलं, बरणीला लाख लावली आणि ती मुंबईच्या सरकारी तपासनिसाकडे रवाना झाली. उत्तर आलं, बरणीत सोमल आहे. सोमल म्हणजे उंदरांना घालतात ते विष. वेगळं कुटलेलं भरीत एकट्या पाटलाने खाल्लं होतं. फौजदाराने दोरीचं एक टोक अभिमनच्या गळ्यात आधीच पाहिलं.

भडगावच्या बाजारात भिकुबाई तागडी घेऊन बसली खरी, पण तिचं लक्ष मुंबईच्या उत्तरात होतं. एका गिऱ्हाइकाने टोपलीसकट वांगी पारड्यात ठेवायला सांगितली. भिकुबाईचा हात सवयीने दुसऱ्या पारड्याकडे गेला. तिने आधी रिकामी टोपली एका बाजूला ठेवली, दुसऱ्या बाजूला तिच्या भाराइतके खडे टाकले, दांडी सरळ केली. याला धडा करणं म्हणतात. खानदेशात धडा केल्याशिवाय कुणी कुणाची वांगी घेत नाही, की कापूस देत नाही. सख्खा भाऊ असला तरी आधी धडा.

खडे टाकता टाकता तिचा हात थांबला. गिऱ्हाईक ओरडत राहिलं. भिकुबाई टोपली तिथेच सोडून बोरडोहच्या वाटेला लागली होती.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब खुर्चीत बसले होते. मागे कंपाउंडर तोताराम बाटल्या पुसत होता.

"डाक्टर," भिकुबाई दारातूनच म्हणाली, "तुमनी बरनीना धडा कया व्हता का?"

"काय?"

"पाटीलनं पोट बरनीमा घालं. त्याना आधी रिकामी बरनी मुंबईले धाडी व्हती का? बरनीमाच सोमल नही, हाई कोनी दखं?"

डॉक्टरांना हसू आलं. "बाई, बरणी धुतलेली असते. माझ्या दवाखान्यात आजवर चूक झालेली नाही."

"चूक व्हस का नही ते कोन सांगस?"

"मी सांगतो."

"म्हंजे तागडी बी तुमनी, खडा बी तुमना, आनि दांडी सरळ शे हाई बी तुम्हीच सांगतस. भडगावना बाजारमा असा व्यापारीले लोके मारतस."

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी तोतारामला तिला बाहेर काढायला सांगितलं. तोतारामने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या दंडाकडे पाहिलं, आणि बाटली पुसायला लागला. ती आपली आपणच बाहेर पडली.

जळगावला चुडामण वकिलांनी तिचं ऐकून घेतलं. वकील बारीक आवाजाचे होते. तिच्यासमोर ते आणखीच बारीक वाटायचे.

"भिकुबाई, बोलणं बरोबर आहे तुमचं. पण रिकामी बरणी तपासा असा अर्ज मी कोर्टात दिला, तर सरकारी वकील म्हणेल, कशावरून? संशयाला काही आधार लागतो. आणि डॉक्टर आजच दवाखान्यातल्या सगळ्या बरण्या दहा वेळा उकळून घेईल."

"मंग?"

"मग काय. आधार आणा."

घरी परतताना ती गफूरच्या दुकानावर थांबली. गफूर खाटीक. दुकानामागेच त्याची कातड्यांची वखार होती आणि वखारीच्या भिंतीला लागून दवाखाना. गफूरला जास्त सांगावं लागलं नाही. त्याची बहीण हसीनाबी सासूला विष दिल्याबद्दल धुळ्याच्या तुरुंगात होती. तिच्या सासूची बरणीही याच दवाखान्यातून गेली होती आणि तिच्यातही सोमलच निघाला होता. हसीनाबीला बेडी घालून नेलं तेव्हा बोरडोहच्या बायका दारात उभ्या राहून थुंकल्या होत्या. त्या बायकांत भिकुबाई होती, आणि तिचं थुंकणं सगळ्यांत लांब गेलं होतं.

"अक्का," गफूर म्हणाला, "तू तव्हय किती लांब थुकनी व्हती, माले याद शे."

"माले बी याद शे," भिकुबाई म्हणाली. "बकरा कापशी का नही ते सांग."

त्या साली ढोरांना विष घालण्याचे प्रकार फार झाले होते. संशयास्पद रीतीने मेलेल्या प्रत्येक जनावराचं पोट तपासायला पाठवा, असा वरून हुकूम होता. भिकुबाईला हे ठाऊक होतं, कारण फौजदाराने तो हुकूम चावडीवर वाचून दाखवला होता, आणि वाचताना तिने त्याला मधे मधे थांबवून समजावून मागितला होता.

बोरडोहच्या बाजाराच्या दिवशी सकाळी भिकुबाईचा पांढऱ्या कपाळाचा बकरा गफूरच्या दुकानासमोर उभा राहिला. बकरा इतका धट्टाकट्टा होता की त्याने जाता जाता दोन गिऱ्हाइकांना आणि एका पंचाला शिंग मारलं. त्या पंचाला तो दिवस पुढे जन्मभर आठवला, विशेषतः बसताना. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गफूरने बकरा कापला. मटण लगेच संपलं. काळीज नेहमीप्रमाणे फौजदाराच्या घरी गेलं. मांडीचा चांगला तुकडा डॉक्टरसाहेबांच्या घरी गेला, तोही नेहमीप्रमाणे.

दुपारी भिकुबाई बकऱ्याचं पोट घेऊन चावडीवर आली.

"मना बकरा गया, फौजदारसाहेब."

"कसा गेला?"

"ते मुंबई सांगी. पोट तपासा. हुकूम शे ना तुमले?"

फौजदार जेवून सुस्तावला होता. काळीज चांगलं लागलं होतं. शिवाय या बाईशी वाद घालण्यापेक्षा बरणी पाठवणं सोपं, हे त्याला कळत होतं. पोट दवाखान्यात गेलं. तोतारामने बरणी धुतली, कोपऱ्यातल्या रांजणातून मिठाचं पाणी ओतलं, डॉक्टरांनी लाख लावली. अगदी पाटलाच्या वेळी लावली होती तशीच. भिकुबाई उंबऱ्यात उभी राहून सगळं पाहत होती. तिने बरणीला नमस्कार केला तेव्हा डॉक्टर तोतारामला म्हणाले, बाई दुःखाने खुळावली.

सेशन कोर्टात खटला उभा राहिला तोवर उन्हाळा लागला होता. गोरा जज्ज, त्याच्याजवळ दुभाषा शिरस्तेदार, पिंजऱ्यात अभिमन. अभिमन इतका वाळला होता की पिंजऱ्याच्या गजांमागे कुठे आहे ते शोधावं लागे. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं, पोट पाटलाचं, बरणी स्वच्छ, लाख माझ्या हातची.

चुडामण वकील उठले.

"या दवाखान्यातून बकऱ्याचं पोटही मुंबईला गेलं होतं ना, डॉक्टर?"

"गेलं असेल."

"त्याचं उत्तर आलं आहे. त्यातही सोमल आहे."

"मग बकऱ्याला कुणी विष घातलं असणार."

"शक्य आहे," वकील म्हणाले. "पांढऱ्या कपाळाचा बकरा होता. गफूरने बाजारात कापलेला. त्याची मांडी तुमच्या घरी गेली होती. कशी झाली होती?"

डॉक्टरांचा हात आपोआप पोटाकडे गेला. मागच्या बाकावरचा फौजदार उठून उभा राहिला, आणि आपण का उठलो ते न कळून पुन्हा बसला. मग पंच आला. तो बसला नाही, उभ्यानेच साक्ष दिली. बकरा निरोगी होता याचा पुरावा दाखवू का, असं त्याने विचारलं. जज्जाने नको म्हणून सांगितलं.

सरकारी वकील भिकुबाईकडे वळला. "बाई, तू खोटी तक्रार दिलीस."

"मी सांगं, बकरा गया. गया का नही?"

"कसा गेला ते लपवलंस."

"लपाडं नही. बठ्ठा बाजारनी दखं. फौजदारनी काळीज खादं. कसा गया हाई माले कोनी इचारंच नही. मी डाक्टरले इचारं व्हतं, त्यासनी माले बाहेर काढं. मी धडा माग्या, भीक नही मागी."

शिरस्तेदाराने हे इंग्रजीत सांगितलं. धडा हा शब्द त्याला सापडेना, म्हणून त्याने दोन्ही हात तागडीसारखे धरून दाखवले. जज्जाने बराच वेळ त्या हातांकडे पाहिलं आणि तोतारामला बोलावलं.

"बरणीत काय घालता?"

"रांजणातलं मिठाचं पाणी, साहेब."

"मीठ कुठलं?"

तोताराम रिकाम्या हातांनी बाटली पुसल्यासारखं करू लागला. जज्जाने पुन्हा विचारलं.

"साहेब, दिवे लागले होते."

हे काय उत्तर झालं, असं जज्जाच्या तोंडावर उमटलं. तोतारामने घाम पुसला. "शव फाडायला संध्याकाळ झाली होती. मीठ संपलेलं. मी घरोघर गेलो. पण दिवे लागल्यावर मीठ कोण देतं, साहेब? घरातली लक्ष्मी जाते. दुकानदारानेही फळी लावली. मला उंबऱ्यात उभंही करेनात. मग भिंतीवरून हात घातला. पलीकडे वखारीत मिठाचा ढीग होता. ते काही घरातलं मीठ नव्हे, कातड्यांचं. ते घेतलं. त्याने रांजण भरला. पुढे कमी झालं की तिथूनच घेत गेलो. हाताशी होतं."

शिरस्तेदार जज्जाला समजावत होता, की सूर्य बुडाला की इथे कुणी कुणाला मीठ देत नाही, शेजारी मेला तरी देत नाही. त्याचं बोलणं संपायच्या आत साक्षीदारांच्या बाकावरून गफूर उठला.

"ते मीठ मी मना कुत्राले चाटू देत नही," तो म्हणाला. "कातडाले कीड लागू नये म्हनीसन त्यामा सोमल टाकेल शे."

कोर्टात चुळबूळ झाली. मुंबईवाल्याने काही चूक केली नव्हती. बरणीत जे होतं ते त्याने सांगितलं होतं. बरणीत ते कसं आलं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

भिकुबाईचं लक्ष पिंजऱ्याकडे नव्हतं. ती तोतारामकडे पाहत होती.

"कोना येळले?" तिने विचारलं. जज्जाने तिला गप्प राहायला सांगितलं. ती गप्प राहिली नाही. "तोताराम, दिवा लागेल व्हतात तव्हय कोनं मढं व्हतं पुढे?"

तोताराम खाली बघत म्हणाला, "हसीनाबीच्या सासूचं."

गफूर हळूच बाकावर बसला. स्वतःचे हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. ते मीठ त्यानेच कालवलेलं होतं.

अभिमन सुटला. हसीनाबीचं प्रकरण या कोर्टापुढे नाही, आपण सरकारला लिहू, असं जज्ज म्हणाला. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरसाहेब भिकुबाईजवळ आले. त्यांचा आवाज उतरला होता.

"झालं ना बाई मनासारखं. आता फार बोभाटा करू नकोस. दवाखाना गावाचाच आहे."

"गावना शे म्हनीसनच करसू," भिकुबाई म्हणाली. "आते दर बरनीसंगे एक बरनी नुसता पानीनी धाडा. नही धाडी, ते मी रोज येसू. उंबऱ्यावर बससू. आनि बोलसू."

डॉक्टरांनी तो आवाज रोज ऐकण्याची कल्पना करून पाहिली. त्या महिन्यापासून बोरडोहहून मुंबईला जोडीने बरण्या जायला लागल्या. रांजण फोडला, त्याच्या खापऱ्याही भिकुबाईने मोजून पुरायला लावल्या.

ती घरी मात्र गेली नाही. अभिमनला आणि त्याच्या बडगीला घेऊन तडक धुळ्याला गेली. तुरुंगाच्या दरवाज्यासमोर रस्त्याच्या पलीकडे तिने पऱ्हाटी पेटवली आणि अभिमनला भरीत कुटायला बसवलं. शिपाई हुसकायला आले. तिने विचारलं, रस्ता कोणाचा, वांगी कोणाची, आणि दोन्हींची उत्तरं तिच्या बाजूने निघाली. त्या वासाने कैद्यांनी आमटी खायची सोडली. मग शिपायांनी सोडली. शेवटी जेलरसाहेबाने सरकारला इतक्या तारा केल्या की तारेच्या खांबांवर बसणारी पाखरं धुळं सोडून शिंदखेड्याकडे गेली. हसीनाबीच्या सुटकेचा सरकारी कागद जज्जाच्या लिहिण्याने निघाला असं जळगावचे वकील म्हणतात. बोरडोहात मात्र सगळे सांगतात की तो बडगीच्या ठोक्याने निघाला.

हसीनाबी दरवाज्यातून बाहेर आली तेव्हा भिकुबाईने भाकरीवर भरीत ठेवून पुढे केलं. हसीनाबीने ते घेतलं नाही.

"तू थुकनी व्हती मनावर," ती म्हणाली.

"थुकनू व्हतू."

"मंग आते काय?"

भिकुबाईने त्याच भाकरीचा घास मोडला, आधी स्वतः खाल्ला, मग भाकरी पुन्हा पुढे धरली. हसीनाबी थोडा वेळ तिच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने भाकरी घेतली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि भिकुबाईनेही ते मागितलं नाही.

गावात परतल्यावर भिकुबाईने दाराबाहेरच्या ओट्यावर मिठाचं मडकं मांडलं. रोज दिवे लागले की ती त्याच्यावरचं झाकण काढायची आणि गिरणेच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, कोणाला मीठ लागतं त्याने यावं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, हिच्या घरातली लक्ष्मी जाणार.

"जाऊ दे," भिकुबाई म्हणाली. "इतली घाबरट लक्ष्मी माले नको."

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका संध्याकाळी, कंदील पेटल्यावर, गल्लीच्या तोंडाशी हसीनाबी उभी राहिली. दारादारांतून बायका बघत होत्या. ती त्या सगळ्यांच्या समोरून चालत आली, वाटी पुढे केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"मीठ दे व अक्का. भरीसन दे."