झाकणाबाहेरचा वास

प्रयोगशाळेत तिला सगळे 'बुरशीबाई' म्हणत, आणि तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. गव्हाच्या ओलसर कोंड्यावर बुरशी वाढवायची आणि ती किती वेगाने वाढते ते मोजायचं, हे तिचं काम. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. बुरशीचे तंतू कोंड्यात असे गुंततात की वेगळे काढून तोलायची सोय नाही. सगळं एकत्र तोलावं, तर बुरशी कोंडा खाऊनच वाढते. ती फोफावते तसं वजन उलट घटतं. म्हणून ती बुरशीचा श्वास मोजायची. बंद बरणीत एका नळीने हवा सोडायची. दुसऱ्या नळीने यंत्राकडे आलेल्या हवेतून किती कार्बन डायऑक्साइड आला, ते यंत्र सांगायचं. श्वास जास्त, तर वाढ जास्त.

पण एका नव्या बुरशीने तिला जेरीस आणलं होतं. कोंडा कापसासारखा पांढरा झालेला डोळ्यांना दिसत होता, आणि यंत्र म्हणत होतं की बरणीत जेमतेम धुगधुगी आहे. ही मंद आहे, टाकून द्या, दुसरी घ्या, असं सांगून विभागप्रमुख मोकळे झाले. तिचं मन मात्र घेईना.

त्या दुपारी थोरली बहीण तिला जेवायला न्यायला आली. ताईला दिवस गेले होते आणि तिच्या नाकाने घरादाराला सळो की पळो केलं होतं. नवऱ्याचा साबण बदलून झाला होता, सासऱ्यांचं मलम गच्चीवर गेलं होतं. ती दारातच थबकली.

"मशरूमसारखा वास येतोय गं," ती म्हणाली. "वाईट नाही, पण येतोय."

"ताई, बरण्या बंद आहेत."

"असतील. त्या कोपऱ्यातल्या बरणीचा आहे."

बुरशीबाई त्या बरणीपाशी गेली; नव्या बुरशीची बरणी तीच होती. वास बाहेर येतो, म्हणजे श्वासही वाटेतच निसटत असणार. तिने साबणाचं पाणी करून झाकणाच्या कडेला फिरवलं, तर एका जागी बुडबुडे उठले. रबरी कड्याला केसाएवढी चीर होती.

नवं कडं बसलं. जेवायला जाणं राहिलं बाजूला. दोघी बहिणी बिस्किटं खात यंत्रासमोर बसल्या. पडद्यावरची रेघ आधी रेंगाळली, मग हळूच उचलली आणि चढतच गेली. बुरशीबाईने ताईचा हात घट्ट धरला. विभागप्रमुख आले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "ही तर पळतेय. मीच घाई केली."

पुढे तीच बुरशी सगळ्यांत वेगवान ठरली. नवी बरणी मांडली की ताईला बोलावणं जायचं. तीही ऐटीत येऊन प्रत्येक झाकणावरून नाक फिरवायची. बाळ झालं आणि तिचं नाक चारचौघांसारखं झालं, तेव्हा सगळ्यांत जास्त हळहळले ते विभागप्रमुख.