आक्काबाईचं दुखणं आलं कुठून

सहादेवच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे, आणि नगरच्या दवाखान्यातून परतला त्या दिवशी तर ती राहावी असं त्याला वाटतही नव्हतं. त्याच्या बायकोला, आक्काबाईला, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाल्यापासून पाथर्डीकडच्या त्या गावात एकच कुजबुज होती. नवरा उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेला की बाई फडात एकटीच, दुखणं तिकडूनच आणलं. सख्ख्या जावेनं तिच्या हातचं पाणी सोडलं. आक्काबाई कुणाला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच सहादेवला जास्त लागत होतं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं. हा कॅन्सर एका विषाणूमुळं होतो. तो विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी लागतो, नवऱ्याकडूनही येतो. बहुतेकींचं शरीर त्याला ओळखून हाकलून देतं. काहींच्या शरीराची राखणच आईबापांकडून अशी आलेली असते, की तिला हा चोर चटकन ओळखू येत नाही. आक्काबाईची आई आणि बहीण याच दुखण्यानं गेल्या होत्या.

"यांचा काही दोष नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला धोका थोडा जास्त असू शकतो. होईलच असं मुळीच नाही. पण लग्नाआधी लस द्या, पुढं तपासण्या करत राहा."

सहादेवनं यातलं 'दोष नाही' एवढंच घट्ट धरलं. एसटीतून उतरला तो थेट चहाच्या टपरीवर.

"रक्तातलंच हाय. तिच्या आईकडनं आलंय. डॉक्टरीन म्हनली. आता बोला." कुणी विचारलं नसताना त्यानं पुढचंही सांगून टाकलं, "आमच्या दिशाला बी लस द्यायचीय, सोमवारीच."

टपरी गप्प झाली. वेड्याला वाटलं, आपण जिंकलो.

दिशाचं लग्न शेवगावला ठरलं होतं. रविवारी सकाळीच मुलाचा मामा, हनुमंत, जीपमधून उतरला. समोर ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"रक्तातलं म्हंजी पोरीत बी आलं का?"

सहादेव सांगू लागला. थोडा धोका, होईलच असं नाही, डॉक्टरीण असं म्हणाली. जितकं सांगावं तितका पाहुण्याचा चेहरा आक्रसत गेला.

"रक्तात हाय का न्हाई, येवढंच सांगा."

 तेवढ्यात आक्काबाई भिंतीला धरून बाहेर आली. दवाखान्यात किरणांचे शेक घेऊन घेऊन तिला उभंही राहवत नव्हतं.

"रक्तात काय न्हाई, भाऊ. ह्यांना डॉक्टरीनीचं कळलं न्हाई. माझं मीच आनलंय, फडावरनं. माझ्यासंगं जाईल."

हनुमंतनं तिच्याकडं बघायचं टाळलं. "व्हय का?" त्यानं सहादेवला विचारलं.

आक्काबाई डोळ्यांनीच नवऱ्याला 'हो म्हणा' म्हणत होती. जिचं नाव धुऊन काढायला तो गावात ओरडून आला, तिच्याच अंगावर त्याला तो चिखल पुन्हा टाकावा लागणार होता. त्याला रडू येत होतं, पण पाहुण्यासमोर रडताही येईना.

"व्हय," तो म्हणाला.

हनुमंतनं कप उचलला. "आईचं आईपाशी. पोरीत न्हाई ना, मंग झालं." एक घोट घेऊन तो थांबला. "आन उद्या ती लस कसली देनार हुता म्हनं?"

हा प्रश्न येईल, हे आक्काबाईनं धरलंच नव्हतं. ती सहादेवकडं बघत राहिली. दिशाही आतून दारात येऊन उभी राहिली होती.

"कसली लस," सहादेव म्हणाला. "लोकं काय बी बोलत्यात."