आईच्या नावावरची चित्रं

बुधवारचे ते दोन तास माझे होते. आईला विसरण्याचा आजार जडल्यापासून एवढेच काय ते माझे. तिला चित्रांच्या वर्गात सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर नुसतं बसायचं. तिथे कोणी "तू कोण गं?" विचारत नाही, कोणी चष्मा साखरेच्या डब्यात ठेवत नाही.

पण आई चित्र काढेल तर शप्पथ! पस्तीस वर्षं ती शाळेत बाई होती. समोर कागद आला की ती तो तपासायला घ्यायची. कोऱ्या कागदावर लाल खडूने बरोबरची खूण, खाली दहापैकी चार, त्याखाली झोकदार सही. स्वतःचा संपला की शेजारच्या आजोबांचा ओढायची. त्यांनी जीव ओतून काढलेल्या होडीला तिने शून्य दिलं. ते रडले.

वर्ग घेणाऱ्या मुलीला सगळे रंगताई म्हणायचे. ती गोड हसून म्हणाली, "काकू, चित्र चांगलंच यावं असं काही नाही हो. आजी फक्त रमायला हव्यात. नाही रमल्या तर त्यांची जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल, बाराजण थांबलेत. घरी काढतात का बघा, काढलं तर आणा."

माझं डोकंच फिरलं. घरी चित्र! जी बाई धड बटणं लावू देत नाही ती! तरी रंग मांडले, पाणी ठेवलं. आईने ब्रश बुडवला, एक हिरवी रेघ ओढली आणि "झाली मधली सुट्टी" म्हणून उठून गेली. मी विनवण्या केल्या, मग ओरडले, मग ओरडल्याबद्दल स्वतःवरच चिडले. शेवटी त्या रेघेला मीच पानं काढली.

रंगताई हरखली. "बघा, रमल्या ना!"

मग दर आठवड्याला तेच. आईची एक रेघ, बाकी सगळं माझं. झाड झालं, कुंडी झाली, वेल चढलेली खिडकी आणि खिडकीत मांजर झालं. लाज वाटायची, पण बाकावरचे दोन तास सोडवत नव्हते. दादाला फोनवर फोटो पाठवला तर परगावी बसून म्हणतो, "आई केवढी सुधारलीय! तू उगाच कटकट करतेस." एवढा संताप आला, आणि खरं सांगायची सोय नव्हती.

अशात रंगताईने प्रदर्शन भरवलं. भिंतीवर मधोमध माझं मांजर, खाली आईचं नाव. सगळ्यांच्या घरची माणसं जमली. रंगताई आईचा हात धरून तिला चित्रापुढे घेऊन आली.

"आजी, ओळखलंत का? तुमचं चित्र!"

आईने चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मग वेलीच्या देठावर, तिने ओढलेल्या हिरव्या रेघेवर, बोट ठेवलं.

"एवढं माझं. बाकीचं कोणी काढलंय?"

तिचा वर्गातला आवाज होता तो.

"मी विचारतेय. हात वर करा."

पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली मी. तरी हात आपोआप वर गेला. होडीवाल्या आजोबांनीही घाबरून केला. रंगताई माझ्याकडे बघतच राहिली. गेले माझे बुधवारचे दोन तास, मला वाटलं.

आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओळख कुठेच नव्हती.

"हात बरा आहे तुझा. मग दुसऱ्याच्या नावावर कशाला?"

"दमले मी, बाई," मी म्हणाले. "खूप दमले हो." आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

आईने पदराने माझे डोळे पुसले, पण आवाज काही खाली आणला नाही.

"उद्या येताना आईला घेऊन ये. मी बोलते तिच्याशी."